डुकराच्या पोटातले जंत: शेडपासून ताटापर्यंत काय सांभाळायचं

गडहिंग्लज भागातल्या एका शेडवर डुक्कर कापलं होतं. मालकाने कलेजी परातीत काढून माझ्यापुढं धरली. तपकिरी कलेजीवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग होते, काही मोहरीएवढे, काही तुरीच्या डाळीएवढे. "डॉक्टर, ह्ये खायाला चालतंय का?" मी पशुधन पर्यवेक्षक होतो, डॉक्टर नव्हे; पण खेड्यात औषधाची पेटी घेऊन येणारा तो डॉक्टर. मी म्हटलं, "डागाळलेलं कापून टाक, बाकीचं नीट शिजव. आणि चल, शेडातली जमीन दाखव."

त्या कलेजीत जंत नव्हते. ते पुढं निघून गेले होते, डाग म्हणजे त्यांच्या वाटचालीच्या खुणा. गोलकृमीचं अंडं डुकराने गिळलं की आतड्यात अळी बाहेर पडते, ती रक्तातून कलेजीत जाते, तिथून फुफ्फुसात, मग खोकल्याबरोबर घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते आणि शेवटी आतड्यात येऊन मोठी होते. नवी अंडी पोटात जायची थांबली तर हे डाग पाच-सहा आठवड्यांत भरून येतात. म्हणजे डाग ताजे असतील तर डुक्कर महिनाभरापूर्वीपर्यंत, कदाचित कालपर्यंत, अंडी गिळत होतं. मालक म्हणत होता, "औषध तर पाजलंय की." पाजलं असेलही. औषध पोटातले जंत मारतं, जमिनीतली अंडी नाही. आपल्याकडे निम्मा पैसा इथंच वाया जातो.

पोटात असतं तरी कोण कोण?

सगळ्यांची यादी देत बसत नाही, कामाचे तेवढे सांगतो. गोलकृमी सर्वांत मोठा, गांडुळासारखा, मादी वीतभर ते दीड वीत. एक मादी दिवसाला लाखांच्या हिशोबात अंडी घालते. अंड्याचं कवच इतकं चिवट की ओलसर, सावलीच्या मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. खुराक नेहमीचा असूनही पिल्लू वाढत नाही, पोट सुटतं, पाठीवरचे केस उभे राहतात आणि पळवलं की धापा टाकत खोकतं, तेव्हा पहिला संशय याच्यावर घ्यायचा.

चाबूककृमी मोठ्या आतड्याला डोकं खुपसून बसतो, रक्तमिश्रित हगवण लावतो, आणि नेहमीच्या एका डोसला दाद देत नाही. आतड्याला गाठी करणारे जंत प्रौढ डुकरिणींत जास्त, त्यांनी डुकरीण खंगते. आईच्या दुधातून पिल्लांत जाणारा बारीक सूतकृमी पहिल्या आठवड्यांतच पिल्लं मारू शकतो. उसाच्या शेतात हुमणी शोधत नांगरासारखी जमीन उकरणारी मोकाट डुकरं तुम्ही पाहिली असतील. काटेरी डोक्याचा जंत डुकरात येतो तो भुंगेऱ्यांच्या अळ्यांतून, हुमणी त्याच घराण्यातली. गांडुळं खाण्यातून फुफ्फुसातला जंत येतो. त्यामुळं मोकाट डुकराला औषध देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आणखी एक, एकपेशीय: बॅलँटिडियम. बहुतेक डुकरांच्या आतड्यात तो गुपचूप राहतो, त्यांना काही करत नाही. माणसाच्या पोटात दूषित पाण्यातून गेला तर मात्र आव-रक्ताची हगवण लावू शकतो.

माणसाला नक्की कुठून लागतं

इथं जरा सावकाश वाचा, कारण सगळा घोळ इथंच आहे.

डुकराचा गोलकृमी माणसाला होतो तो मटण खाऊन नाही, तर मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, हातावरून अंडी पोटात जाऊन. 1922 साली जपानमध्ये कोइनो नावाच्या डॉक्टराने माणसाच्या गोलकृमीची 2000 अंडी स्वतः गिळली आणि डुकराच्या गोलकृमीची 500 आपल्या धाकट्या भावाला दिली. असा भाऊ कुणाला मिळू नये! दोघंही न्यूमोनियासारखे आजारी पडले आणि जंतांचा फुफ्फुसातला प्रवास माणसातही होतो हे कळलं. म्हणून शेडशेजारच्या अंगणात रांगणाऱ्या पोराला सततचा कोरडा खोकला असेल तर डॉक्टरांना "आमच्यात डुकरं हायत" एवढं एक वाक्य सांगा. त्याने त्यांचं निदान सोपं होतं.

खरा धोका पट्टकृमीचा, आणि त्याची गोष्ट दोन तोंडांची आहे. लागण झालेल्या डुकराच्या मांसात याच्या अळ्यांच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहून मोठ्या, पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात. अशा गाठीचं कच्चं-पक्कं मटण खाल्लं तर माणसाच्या आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. पोटात थोडी कुरकुर, बाकी फारसं काही नाही. माणूस वर्षभर कामाला जातो, जत्रा करतो, त्याला पत्ताही नसतो. पण त्याच्या शौचातून रोज हजारो अंडी बाहेर पडत असतात, आणि ती पडल्या क्षणापासून लागण करू शकतात. गोलकृमीच्या अंड्याला मातीत दोन-चार आठवडे मुरावं लागतं, याला तेवढीही उसंत नको.

ती अंडी डुकराने खाल्ली तर डुकराच्या मांसात गाठी होतात. माणसाने खाल्ली तर माणसाच्या. स्नायूत, डोळ्यात, मेंदूत. मेंदूतल्या गाठीने फिट येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा आजार जिथं ठाण मांडून आहे तिथल्या अपस्मारामागे 30 टक्क्यांपर्यंत तोच असतो.

म्हणजे मेंदूतला "किडा" डुकराचं मटण खाल्ल्यामुळं थेट होत नाही. तो कुणाच्या तरी शौचातून, न धुतलेल्या हातातून, भाजीतून येतो. माझ्या नात्यातले एक माळकरी गृहस्थ, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेले. चाळिशीत पहिली फिट आली. आधी चप्पल हुंगवली, मग "बाहेरचं आहे" म्हणून दोन ठिकाणी नेलं, शेवटी स्कॅन झाला आणि गाठ दिसली. घरातल्यांनी त्या दिवसापासून कोबी बंद केला, कारण मोबाइलवर कुणीतरी "कोबीतला किडा मेंदूत जातो" असं पाठवलं होतं. कोबीत किडा नव्हता. कोबीवर माणसाची घाण होती. कोबी बंद करून मुळा, कोथिंबीर तशीच खाणाऱ्याला काय सांगायचं?

डुक्कर या गोष्टीत मधला हमाल आहे. ज्या गावात डुकराला माणसाची विष्ठा मिळत नाही, तिथं हा जंत पुढं सरकत नाही.

पहिली पायरी: तपासणी

औषधाच्या दुकानात जाण्याआधी विष्ठा तपासून घ्या. जमिनीवरची वाळलेली गोळा करू नका. सकाळी डुकराने टाकल्याबरोबर वरचा, जमिनीला न टेकलेला भाग, सुपारीएवढा, स्वच्छ डबीत किंवा पिशवीत घ्या. पाच-सहा जनावरांचे नमुने वेगवेगळे ठेवा आणि डबीवर वय लिहा: "2 महिने", "डुकरीण, गाभण". बर्फाच्या पिशवीसोबत त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका. तिथं मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात विष्ठा कालवून गाळतात. अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गावात दवाखाना लांब असेल तर 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा.

एक गोष्ट या तपासणीत कधीच दिसणार नाही: मांसातल्या गाठी. पट्टकृमी डुकराच्या आतड्यात राहतच नाही, मग अंडी कुठून येणार? जुने व्यापारी त्यासाठी जीभ बघतात. डुक्कर पाडून, तोंडात आडवी काठी घालून, फडक्याने जीभ बाहेर ओढतात आणि खालच्या बाजूने बोट फिरवतात. गोट्यासारखं टणक काही लागलं तर ते जनावर घेत नाहीत. पद्धत चांगली आहे, पण गाठी कमी असतील तर हुकते. जीभ साफ म्हणून मांस साफ, असं धरू नका.

दुसरी पायरी: वजन, मग औषध

अंदाजाने दिलेला डोस बहुतेकदा कमी पडतो, आणि कमी डोसातून वाचलेले जंत पुढच्या वेळी औषधाला भीत नाहीत. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. दोन्ही मीटरमध्ये लिहा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, हे झालं किलोत वजन. घेर 90 सेंटिमीटर, लांबी 95 असेल तर 0.9 × 0.9 × 0.95 × 69.3, म्हणजे साधारण 53 किलो. पुढ्यात खाणं असेल तोवर डुक्कर टेप लावू देतं, पोटभर खाल्ल्यावर मात्र नाही.

डुकराला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किलोला 0.3 मिलिग्रॅम बसतं. 1 टक्का द्रावण असेल तर 33 किलोला 1 मिलि, म्हणजे वरच्या डुकराला 1.6 मिलि, कानामागच्या सैल कातडीखाली. गाई-म्हशींचा डोस यापेक्षा कमी असतो, म्हणून गोठ्यात उरलेलं औषध "त्याच मापाने" डुकराला टोचू नका. याचा फायदा असा की खरूज आणि उवाही जातात. चाबूककृमीवर मात्र ते कमी पडतं. तिथं फेनबेंडाझोल लागतं, तेही एकदा नाही तर सलग तीन दिवस खाद्यातून. खाद्यातून देताना दांडगं डुक्कर दोघांचा डोस खातं आणि किरकोळ उपाशी राहतं, म्हणून गव्हाण लांब ठेवा किंवा एकेकाला वेगळं द्या. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात टाळा. नेमकं कोणतं औषध, किती, हे तपासणीचा अहवाल पाहून पशुवैद्यकालाच ठरवू द्या.

वेळापत्रक याहून सोपं आहे. डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे 114 दिवस. लावल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहा आणि शंभराव्या दिवसाच्या आसपास औषध द्या. मग विण्याच्या जागी नेण्याआधी तिला साबण लावून, घासून धुवा, विशेषतः सड आणि पोटाखालचा भाग. गोलकृमीची अंडी चिकट असतात, सडाला लागलेली अंडी पिल्लू पहिल्या दुधाबरोबर चोखतं. कोल्हापुरात म्हैस धुणारी माणसं डुकरीण धुवायला का लाजतात हे मला आजवर कळलेलं नाही. पिल्लं तोडल्यावर, साधारण दोन महिन्यांची झाली की पहिला डोस आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने दुसरा. नराला वर्षातून दोनदा. विकत आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं, तिथंच औषध, मगच कळपात.

एक ते दोन आठवड्यांच्या पिल्लांना पिवळसर, पातळ हगवण लागली तर ते जंत नसून कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी असण्याची शक्यता जास्त. जंताच्या औषधाने ती थांबत नाही. वेगळं औषध लागतं.

औषध दिल्यावर किती दिवस कापायचं नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. आयव्हरमेक्टिनला मी 28 दिवस धरतो. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे पाळणं जड जातं, म्हणून औषधाचा दिवस ठरवतानाच विक्रीचा दिवस डोळ्यापुढं ठेवा.

तिसरी पायरी: जमीन

गोलकृमीच्या अंड्याला पिकायला आठवडे लागतात, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. रोज खरडून काढलेल्या शेडात अंडं पिकण्याआधीच बाहेर जातं. त्यासाठी जमीन सिमेंटची, उतार नालीकडे, आणि आधी कोरडं खरडणं, मग पाणी. आधी पाणी मारलं की सगळी घाण कोपऱ्यात जाऊन बसते. फिनेल, ब्लीचिंग पावडर यांनी वास जातो, गोलकृमीचं अंडं जात नाही. उकळतं पाणी, वाफ आणि कडक ऊन, या तिन्हींना ते घाबरतं. उन्हाळ्यात शेड रिकामं झालं की धुऊन पंधरा दिवस उन्हात तापू द्या. गगनबावडा, आजरा, चंदगडच्या पावसात ऊन मागून मिळत नाही, म्हणून तिकडे उन्हाळ्यातली ही संधी सोडू नका.

खत ताजं शेतात टाकू नका. खड्ड्याऐवजी ढीग करा, पाचट घालून, दर आठवड्याला वरखाली करा. मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हात लावल्यावर चटका बसला पाहिजे, इतका ढीग तापला तरच अंडी मरतात. तरीही ते खत उसाला द्या. मेथी, कोथिंबीर, गाजर यांना नको.

खरकट्याचंही तसंच. शहरातल्या हॉटेलांतून बॅरल भरून खरकटं येतं, त्यात मांसाचे तुकडे असतात. ते चुलीवर चढवून उकळी आल्यावर अर्धा तास ढवळत ठेवा. जळण लागतं, कबूल. पण कच्च्या खरकट्यातून आफ्रिकन स्वाइन फिव्हरही येतो, आणि तो आला तर अख्खं शेड एका आठवड्यात रिकामं होतं. शेडातले उंदीरही आवरा. मेलेला उंदीर डुकराने खाल्ला तर मांसात राहणारा ट्रायकिनेला नावाचा जंत येऊ शकतो. रानडुकरांत तो असतोच असं नाही, पण असू शकतो. राधानगरीकडे कुणी गुपचूप आणलेलं रानडुकराचं मटण देऊ करेल. ते घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय शिकार गुन्हा आहे, आणि ते मांस कुणीही तपासलेलं नसतं.

चौथी पायरी: संडास

घरी संडास असेल आणि त्याची टाकी उघडी किंवा फुटकी असेल, तर डुकराच्या हिशोबाने तो नसल्यासारखाच. झाकण बसवा, हवेच्या पाइपला जाळी लावा, मैला काढणाऱ्या गाडीने तो कुठं ओतला ते विचारा. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या खोपटांजवळ संडास नसतात. माणसं उसात जातात, मागोमाग मोकाट डुकरं जातात. दोष टोळीचा नाही, हंगामभर राबवून घेऊन सोय न करणाऱ्यांचा आहे. ग्रामसभेत हा विषय फिरत्या शौचालयांच्या मागणीसह मांडा.

महापुराचं वेगळं सांगायला हवं. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोळ-करवीरच्या गावांत शिरलं तेव्हा संडासाच्या टाक्या, शेडं आणि विहिरी एकाच पाण्यात होत्या. क्लोरीनचे थेंब जिवाणू मारतात, जंतांची अंडी नाही. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्या आणि गाळ उपसताना पायात गमबूट घाला.

पाचवी पायरी: मटण आणि भाजी

मटण घेताना कापल्या जागी बघा, विशेषतः मांडी, खांदा, जीभ. स्नायूच्या धाग्यांत मोत्यासारखे दाणे दिसले तर घेऊ नका आणि विकणाऱ्यालाही सांगा. घरी कुकरला लावलं की प्रश्न मिटतो, आमच्या सुक्क्यात आणि रश्श्यात कच्चं काही उरत नाही. भीती तव्यावर घाईने परतलेल्या जाड तुकड्यांची आणि शेतातल्या पार्टीत निखाऱ्यावर भाजलेल्याची, जिथं बाहेरून काळं आणि आतून गुलाबी असतं. तुकडे लिंबाएवढेच करा. मधोमध 71 अंश सेल्सियस गेलं पाहिजे; थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा फोडून बघा, गुलाबी रंग आणि लाल पाणी असेल तर परत चढवा. मटणाची सुरी आणि फळी कांदा-कोथिंबिरीला वापरू नका.

भाजी मिठाच्या पाण्यात भिजवून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. मिठाने अंडं मरत नाही. वाहत्या नळाखाली पान न् पान चोळून धुतल्याने ते निघून जातं, एवढंच खरं. मिसळीवरचा कच्चा कांदा, भेळेवरची कोथिंबीर मीही खातो, फक्त गाडीवाल्याच्या हाताकडे आणि बादलीकडे एकदा बघून.

डॉक्टरकडे कधी

शौचात शेवयांच्या चपट्या तुकड्यांसारखं, पांढरं, कधी हलणारं काही दिसलं तर ते डबीत घालून न्या. मोठेपणी पहिल्यांदाच फिट आली तर चप्पल-कांद्यात वेळ न घालवता न्यूरोलॉजिस्ट किंवा कोल्हापूरच्या सीपीआरसारखं मोठं रुग्णालय गाठा, सीटी किंवा एमआरआय लागेल. लागण आणि फिट यांच्यात काही वर्षं जाऊ शकतात, त्यामुळं "अलीकडे तर काही खाल्लं नाही" याला अर्थ नसतो.

10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात. ती पोरांना द्याच. पण एका गोळीवर पट्टकृमी जाईल याची खात्री नाही. आणि कधी फिट आली असेल किंवा डोकं सतत दुखत असेल, तर मेडिकलमधून जंताची गोळी स्वतःहून घेऊ नका. मेंदूत गाठ असेल तर औषधाने ती मरताना सूज येते आणि फिट वाढते, म्हणून डॉक्टर आधी सूज आवरणारं औषध देतात.

माळकरी पाहुण्यांच्या बाबतीत शेवटी एक काम राहिलं होतं, ते मी करायला लावलं: घरातल्या सगळ्यांची आणि रोज स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची शौच तपासणी. बाईंचा अपमान होऊ नये म्हणून पहिली डबी घरच्या सासूबाईंनी दिली. पट्टकृमी एका घरच्याच माणसाच्या पोटात निघाला, धाकट्या भावाच्या. तो कामानिमित्त बाहेर राहून आठवड्याला घरी यायचा आणि आल्यावर हौसेने कोशिंबीर करायचा. एका डोसात जंत गेला. कोबी मात्र त्या घरात अजून बंदच आहे.